विहिरीवरील वीज आणि तिचे सांधे



बीड जिल्ह्यात विजेचा विषय निघाला की डोळ्यांसमोर प्रथम परळी वैजनाथ येते. १९७१ साली तेथील औष्णिक विद्युत केंद्रात ३० मेगावॅटचा संच चालू झाला, आणि पुढे २१० व २५० मेगावॅटच्या संचांची भर पडत गेली. २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवण्याची वेळ आली. विहिरीतले पाणी वर आणण्यासाठी वीज हवी आणि वीज निर्माण करण्यासाठी पुन्हा पाणीच हवे, हा पेच दुष्काळी मुलखाइतका दुसऱ्या कोणास समजणार नाही. अशा मोलाने निर्माण झालेली वीज रोहित्रे, खांब आणि तारा यांतून शेकडो सांधे ओलांडत विहिरीपर्यंत येते. वरच्या सांध्यांची निगा राखण्यास वीज कंपनीचे कर्मचारी आहेत. उपकेंद्रांतील सांधे तापले आहेत काय हे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने दुरूनही पाहता येते. परंतु मीटरपासून मोटारीपर्यंतचे जे शेवटचे दहा-पंधरा सांधे असतात, ते कोणाच्याच मोजणीत नसतात. आजचे भाषण त्या सांध्यांविषयी आहे.

रब्बीच्या दिवसांतील रात्र आहे. वीज पाळीने मिळते, आणि या आठवड्यात पाळी रात्रीची आहे. हरभऱ्याला पाणी देण्यासाठी शेतकरी दारे धरून उभा आहे. एकाएकी मोटारीचा सूर बदलतो, ती गुरगुरू लागते, थोड्या वेळाने जळका वास येतो आणि पाटातले पाणी थांबते. सकाळी पाणबुडी मोटार विहिरीतून वर काढावी लागते, गाडीत घालून तालुक्याच्या गावी न्यावी लागते आणि तिची गुंडाळी नव्याने भरून घ्यावी लागते. त्यात काही हजार रुपये जातात. त्याहून वाईट म्हणजे चार-सहा दिवस जातात, आणि घाटे भरण्याच्या वेळी गेलेले चार दिवस परत मिळत नाहीत. दोष बहुधा कमी दाबाला दिला जातो. तो सर्वस्वी चुकीचा असतो असे नव्हे. परंतु स्टार्टरची पेटी उघडून पाहिली तर पुष्कळदा असे आढळते की एका फेजचा स्क्रू ढिला होता, त्याखालची तार काळी पडली होती आणि प्लॅस्टिकचे आवरण वितळून पेटीच्या तळाशी ओघळले होते. मोटार जळाली ती शेवटी; त्याआधी कित्येक आठवडे तो सांधा जळत होता.

धातूचे दोन तुकडे एकमेकांवर घट्ट दाबून बसविले म्हणजे ते सर्व पृष्ठभागभर टेकले, असे डोळ्यांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. जात्याचे दोन दगड एकमेकांवर ठेवले तरी खरे टेकणे काही उंचवट्यांपुरतेच असते. कितीही गुळगुळीत केलेल्या तांब्या-पितळेचीही सूक्ष्म पातळीवर तीच गत असते. विसाव्या शतकात राग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने या विषयाचा जन्मभर अभ्यास केला आणि विद्युत-संपर्कांवरील त्याचा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. दिसणाऱ्या पृष्ठभागाचा फारच थोडा अंश प्रत्यक्ष स्पर्शात असतो आणि सर्व प्रवाहाला त्या थोड्या ठिपक्यांतूनच वाट काढावी लागते, हा त्याच्या विवेचनाचा पाया आहे. भरल्या पाटाला एकच अरुंद तोंड ठेवले तर पाणी तेथे जसे दाटते, तसाच हा प्रकार. ठिपके जितके जास्त आणि जितके स्वच्छ, तितका अडथळा कमी. दाब वाढविला तर ठिपके वाढतात. म्हणून स्क्रू, स्प्रिंग आणि बोल्ट यांचे महत्त्व. ठिपक्यांवर गंजाचा, मळाचा किंवा तेलाचा थर बसला तर ते निकामी होतात; म्हणून स्वच्छतेचे महत्त्व.

हा अडथळा केवढा नुकसानकारक असतो हे आकड्यांनी पाहणे बरे. पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार पुऱ्या दाबावर दर फेजमध्ये सुमारे ८ अँपिअर प्रवाह घेते. सांधा चांगला असेल तर त्याचा रोध ओहमच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो आणि तेथे निर्माण होणारी उष्णता हाताला जाणवतही नाही. तोच रोध अर्धा ओहम झाला असे समजा. दाब त्यामुळे अवघा ४ व्होल्टने घटतो. मीटरच्या काट्याकडे पाहून कोणाला शंकाही येणार नाही. परंतु उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि ८ गुणिले ८ गुणिले अर्धा म्हणजे ३२ वॅट उष्णता त्या हरभऱ्याएवढ्या जागेत साठते. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर कथील वितळविण्यासाठी जी विजेची डागणी वापरतो, ती २५ वॅटची असते. दाब कमी असला म्हणजे तेवढेच काम करण्यासाठी मोटार १० अँपिअर किंवा अधिकही घेते, आणि मग हाच आकडा ५० वॅटवर जातो. शिवाय मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह वाहतो तो वेगळाच.

तापलेला धातू प्रसरण पावतो, मोटार बंद झाली की आकुंचन पावतो. रोजच्या या ताणाताणीने स्क्रू आणखी ढिला होतो, फटीतून हवा शिरते, गंज वाढतो, रोध वाढतो आणि पुढच्या पाळीला सांधा अधिक तापतो. एके दिवशी तो फेज पूर्णपणे तुटतो. तीन फेजची चालती मोटार अशा वेळी लगेच थांबत नाही, आणि अनर्थ होतो तो येथेच. उरलेल्या दोन फेजांवर ती ओढत राहते, त्या दोन्हींतील प्रवाह पावणेदोन ते दोन पट होतो आणि काही मिनिटांत गुंडाळीचे आवरण करपते. याला सिंगल फेजिंग म्हणतात. ते रोखणारे उपकरण बाजारात मिळते व ते जरूर बसवावे. परंतु सांधा सुधारल्यावाचून केवळ ते उपकरण बसविले तर मोटार वाचेल, पाणी मात्र वेळोवेळी बंद पडत राहील. असे झाले की काही ठिकाणी त्या उपकरणालाच बगल देऊन मोटार चालविली जाते. हा उपाय कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आता ॲल्युमिनियमकडे वळावे. ग्रामीण भागातील उघड्या तारा पोलादी गाभ्याभोवती ॲल्युमिनियमचे पदर गुंडाळून केलेल्या असतात. या तारांना स्क्विरल, वीझल, रॅबिट अशी प्राण्यांची नावे आहेत हे तारतंत्रीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. खांबावरून मीटरपर्यंत येणारी तारही बहुधा ॲल्युमिनियमची, आणि पाणबुडी मोटारीची चपटी केबल मात्र तांब्याची. ॲल्युमिनियम हलके आणि स्वस्त आहे, पण त्याचा स्वभाव विचित्र आहे. चाकूने खरवडून ते चकचकीत केले तरी हवा लागताच क्षणार्धात त्यावर ऑक्साइडचा थर येतो. मिलिमीटरचे दोन-तीन लाख भाग केले तर त्यांतील एका भागाइतकी त्याची जाडी. परंतु तो कठीण असतो आणि त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. शिवाय हा धातू मऊ असल्याने स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतो, आणि आज घट्ट केलेला सांधा काही महिन्यांनी आपोआप सैल होतो. तांब्याशी त्याची थेट गाठ मारली आणि त्यावर पावसाचे पाणी पडले, म्हणजे लहानशी बॅटरीच तयार होते व तीत ॲल्युमिनियम झिजत जाते. दोन्ही तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे ही आपल्याकडची सर्वसाधारण पद्धत आहे. असा सांधा पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकतो. पुढे तो टिकला तर ते नशीब समजावे.

यावर उपाय अवघड नाही. ॲल्युमिनियमच्या तारेचे टोक प्रथम फडक्याने पुसून त्यावर पेट्रोलियम जेली, म्हणजे साधे व्हॅसलीन, किंवा याच कामासाठी मिळणारे जोड-मलम लावावे आणि मलमाच्या थराखालीच तारेच्या ब्रशने घासावे. घासताना ऑक्साइड निघतो आणि मलमामुळे नवा थर येण्यास हवा मिळत नाही. मग ते मलम न पुसता तार लगमध्ये घालून दाबयंत्राने दाबावी. तांबे आणि ॲल्युमिनियम जोडावयाचे असेल तेथे दोन्ही धातूंचा मिळून केलेला लग वापरावा. बोल्टखाली स्प्रिंग वॉशर घालावा. पाना योग्य तेवढाच आवळावा. सर्व अंगबळ लावून आवळले तर मऊ तार चेपते आणि अर्धे पदर तुटतात. तांब्यासाठी वापरलेला ब्रश ॲल्युमिनियमसाठी वापरू नये, कारण तांब्याचे कण तेथे रुतून राहतात व झीज सुरू करतात.

स्टार्टरच्या आतील संपर्कांची गोष्ट मात्र अगदी उलट आहे. शेतकरी त्यांना पॉइंट म्हणतात. पॉइंट काळे पडले की ते कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासून लख्ख करावयाचे, हा नियम वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो मोडला पाहिजे. पॉइंटच्या तोंडावर चांदीच्या मिश्रधातूची पातळ टिकली बसविलेली असते. चांदी मुद्दाम निवडलेली आहे. कारण तिचा ऑक्साइड तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडसारखा हट्टी नसतो, संपर्काच्या उष्णतेने तो विघटित होतो. म्हणून काळसर डाग आणि बारीक खड्डे यांनी पॉइंटचे काम बिघडत नाही. कानस लावली की प्रत्येक वेळी चांदी निघून जाते, आणि पाच-सहा वेळा घासल्यावर खालचे तांबे उघडे पडते. तेव्हापासून पॉइंट खरोखर तापू लागतात व एकमेकांना चिकटतात. चिकटलेल्या पॉइंटची मोटार लाल बटण दाबूनही बंद होत नाही. यास्तव धूळ असेल तर कोरड्या स्वच्छ कापडाने अथवा मऊ ब्रशने झटकावी, वितळून वर आलेला एखादा टोकदार कण असेल तर तेवढाच काढावा, आणि चांदी संपली असेल तर तिन्ही फेजचे स्थिर व चल पॉइंट त्यांच्या स्प्रिंगांसह एकदम बदलावेत. एकच पॉइंट नवा घातला तर दाब असमान होतो.

पॉइंट लवकर खराब होण्याचे मूळ पुष्कळदा चुंबकात असते. दाब कमी असला किंवा चुंबकाच्या तोंडावर चिकट मळ साचला, की कॉइलची पकड सुटते आणि स्टार्टर थरथरू लागतो. प्रत्येक थरथरीत पॉइंट उघडतात व मिटतात, आणि प्रत्येक उघडझापीत ठिणगी पडते. तेथे तेल वा ग्रीस लावू नये, फक्त पुसावे. जुन्या तेलबंद स्टार्टरमध्ये तेल काळे व दाट झाले असेल तर ते बदलावे. पेटीला केबलसाठी पाडलेली भोके उघडी ठेवली तर त्यांतून पाली, मुंग्या व मातीचे घर बांधणाऱ्या माश्या आत शिरतात. दोन पॉइंटांच्या मध्ये सापडलेल्या एका मुंगळ्यानेही एक फेज तुटू शकतो. भोकांना रबरी बूच बसविणे हे काम दहा मिनिटांचे आहे.

स्वच्छ करण्यासाठी काय वापरावे आणि काय वापरू नये, यासंबंधी घराघरांतून काही समजुती आहेत. तांब्या-पितळेची भांडी चिंच व मिठाने लख्ख होतात, म्हणून किटकॅटची पितळी पाती त्यानेच घासणारे लोक आहेत. भांडे नंतर भरपूर पाण्याने धुतले जाते. किटकॅट धुतले जात नाही. फटीत राहिलेले मीठ हवेतील ओल शोषून घेते व महिन्याभरात तेथे हिरवा गंज धरतो. एमरी कागदही वर्ज्य समजावा, कारण त्याचे कठीण कण मऊ धातूत रुततात. रॉकेलने मळ सुटतो, पण मागे तेलकट पापुद्रा राहतो व त्यावर धूळ बसते. पेट्रोलचा विचारही करू नये. पूर्वी कार्यशाळांतून कार्बन टेट्राक्लोराइड सर्रास वापरले जाई. ते यकृताला घातक असून ओझोनच्या थरासही हानिकारक ठरले, आणि मॉन्ट्रियल करारानुसार भारतात अशा वापरासाठीचे त्याचे उत्पादन २०१० पासून बंद झाले. कोठे जुनी बाटली शिल्लक असेल तर ती उघडू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल अथवा विद्युत-संपर्कांसाठीचा तयार फवारा वापरण्यास हरकत नाही. परंतु हे पदार्थ ज्वालाग्राही आहेत, तेव्हा ते पूर्ण उडून गेल्याखेरीज वीज चालू करू नये.

किटकॅट फ्यूजमधील पाती ढिली झाली म्हणजे पकड आत बसल्यासारखी वाटते पण तापते, आणि चिनी मातीवर तपकिरी डाग उमटतो. असा डाग दिसताच पूर्ण फ्यूज बदलावा. वारंवार फ्यूज जातो म्हणून जाड तार घालणे हा प्रकार तर सर्वांना माहीतच आहे. फ्यूज पुष्कळदा जादा प्रवाहाने नव्हे, तर त्याच्याच ढिल्या पात्याच्या उष्णतेने जात असतो, एवढे येथे सांगितले म्हणजे पुरे. वाहिनीवर टाकलेला आकडा हा तर सांध्याचा सर्वांत वाईट नमुना होय. न दाबलेला, न घासलेला, वाऱ्याने हलणारा तो स्पर्श प्रत्येक झोक्याला ठिणगी पाडतो, आणि त्या ठिणग्यांनी तारेचे पदर एकेक करून तुटत जातात. पुढे तार खाली पडते ती अनेकदा तिसऱ्याच शेतकऱ्याच्या शेतात.

मोटारघर हे शेतकऱ्याचे कोठारही असते. युरियाची अर्धी पोती, गंधकाची भुकटी, फवारणीची औषधे तेथेच ठेवली जातात. गंधकाने चांदी व तांबे काळे पडते. युरियापासून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळेला चिरा पाडतो. खतासाठी दुसरा कोपरा शोधावा. गेवराई-माजलगावकडील सरकी काढणाऱ्या कारखान्यांत कापसाचे तंतू पेट्यांत साचतात. तेथे तापलेला सांधा म्हणजे आगीचे निमंत्रणच.

हे सर्व काम करण्यापूर्वीची खबरदारी मात्र कामाहून महत्त्वाची आहे. ज्या मोटारीला ऑटोस्विच जोडलेला आहे, तिची पेटी उघडलेली असताना वीज आली तर मोटार आपोआप सुरू होते आणि पेटीत हात असलेल्या माणसाला वाचण्याची संधी मिळत नाही. ऑटोस्विच काढून टाकावेत असे आवाहन महावितरण करते. त्याचे एक कारण वीज येताच सर्व मोटारी एकदम चालू होऊन रोहित्र जळते हे आहे, दुसरे हे. वीज पाळीने येणाऱ्या भागात ‘आत्ता लाइन नाही’ हा कामाचा आधार होऊ शकत नाही. मुख्य स्विच पाडावा, तिन्ही फ्यूज काढून खिशात ठेवावेत, तिन्ही फेज चाचणी-दिव्याने तपासावेत आणि मगच हात घालावा. रोहित्राजवळच्या पेटीला आणि खांबावरील जंपरला शेतकऱ्याने स्पर्श करू नये. ते काम वीज कर्मचाऱ्याचे. आपल्या बाजूचे कामही परवानाधारक तारतंत्रीकडून करून घेणे उत्तम. त्याला एक गोष्ट अवश्य सांगावी: मोटार अर्धा तास चालवून बंद केल्यावर आणि वीज तोडल्यावर तिन्ही फेजचे सांधे हाताने चाचपून पहा. दोन कोमट आणि एक कढत लागला, तर दोष कोठे आहे हे वेगळे शोधावे लागत नाही.

सौर पंपांनी यात एक नवीन अध्याय जोडला आहे. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्याची ठिणगी चटकन विझते. सौर पट्ट्यांचा प्रवाह एकाच दिशेने अखंड वाहतो. चालू स्थितीत जोडणी ओढून काढली तर ज्योत पेटून राहते आणि बोटे भाजतात. प्रथम नियंत्रकाचा स्विच बंद करावा. या जोडण्यांचे नर व मादी भाग एकाच बनावटीचे असावेत. वेगवेगळ्या बनावटींचे भाग एकमेकांत बसतात, परंतु आतील धातू व दाब जुळत नाहीत, आणि काही उन्हाळ्यांनंतर ते वितळलेले आढळतात.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवरील पांढरा-हिरवा फुलोरा खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने निघतो. पाणी घरांच्या बुचांतून आत जाऊ देऊ नये. तार सोडताना ऋण बाजू आधी, लावताना ती शेवटी. कोरडे करून घट्ट बसविल्यावर वरून व्हॅसलीनचा हात द्यावा.

राहता राहिले भूयोजन, म्हणजे अर्थिंग. मोटारीचे धातूचे अंग जमिनीशी जोडणारी ही तार रोज काहीच काम करीत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. बालाघाटच्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, आणि मीठ-कोळशाच्या खड्ड्यातल्या नळावरचा बोल्ट गंजून तार नुसती टेकलेली असते. गुंडाळीचे आवरण फुटले की अंगात उतरलेल्या विजेला जमिनीत जाण्याची वाट मिळत नाही; ती ओल्या पायांनी नळाला हात लावणाऱ्या माणसातून जाते. मृगाच्या सरी पडण्यापूर्वी तो बोल्ट सोडावा, नळ व लग दोन्ही घासून धातू उघडा करावा, नवा जस्तलेपित बोल्ट व वॉशर घालून आवळावा, वरून ग्रीस लावावे आणि खड्ड्यात चार घागरी पाणी ओतावे. केलेल्या कामाची तारीख स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूस खडूने लिहून ठेवावी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, रब्बीची पाळी सुरू होण्याआधी, तेच झाकण पुन्हा उघडण्याची आठवण राहते.